बडोद्याची नोकरी ते देहूरोडचा विहार : आजारी कामगार आणि बाबासाहेब

दरवर्षी २५ डिसेंबरला देहूरोडच्या बुद्धविहारात आपली गर्दी उसळते. १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी आपल्या हाताने तिथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. म्हणून ही भूमी आपण धम्मभूमी मानतो, आणि ते योग्यच आहे.

याच देहूरोडवरून पुढे तळेगाव, वडगाव, कामशेत आणि लोणावळ्यापर्यंत आपली तरुण मुले-मुली रोज कामाला जातात. कोणी एमआयडीसीतल्या कंपनीत, कोणी लष्कराच्या डेपोत, कोणी लोणावळ्याच्या हॉटेलात, कोणी पुण्या-हिंजवडीच्या आयटी ऑफिसात. अलीकडे शाखेच्या बैठकीत एक प्रश्न वारंवार येतो. कामाच्या ताणाने झोप उडाली, छातीत धडधड सुरू झाली, डॉक्टरांनी विश्रांती लिहून दिली. माणूस रजेवर गेला आणि रजा संपण्याआधीच कंपनीचे पत्र आले. उद्यापासून येऊ नका. असे करता येते का?

या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहेच. पण त्या कायद्यामागे एक माणूस उभा आहे, आणि त्या माणसाने नोकरीतला छळही सोसला होता व आजारपणही. बाबासाहेबांचे चरित्र आपण घटनाकार म्हणून, धम्मप्रवर्तक म्हणून सांगतो. आज ते कामगाराच्या बाजूने सांगू.

बडोद्यातले अकरा दिवस

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करातल्या शाळेत शिक्षक होते. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव १९१३ साली अमेरिकेला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथून लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली त्यांना परत यावे लागले. करार असा होता की शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची.

ते नोकरीवर रुजू झाले. हुद्दा मोठा होता, शिक्षण तर कचेरीतल्या बहुतेकांपेक्षा मोठे. पण शिपाई त्यांच्या टेबलावर फायली दुरून टाकत. कचेरीत प्यायचे पाणी मिळत नसे. शहरात राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी सराईत ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला एक जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याची धमकी देऊन गेला. ओळखीच्या दोघांकडे आसरा मागितला, दोघांनीही आपापली अडचण सांगितली. बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. ज्याला आज आपण संकल्पभूमी म्हणतो, ती हीच बाग.

कामगाराच्या नजरेने पाहिले तर इथे काय घडले? कोणी त्यांना बडतर्फीचे पत्र दिले नाही. त्यांच्या कामात कोणी चूक काढली नाही. नोकरी करणेच अशक्य करून टाकले आणि माणूस स्वतःहून निघून गेला. कागदावर तो नोकरी सोडून गेलेला ठरतो, प्रत्यक्षात त्याला घालवलेले असते. आज एखाद्या तरुणाला रात्री-बेरात्री काम लावून, सर्वांसमोर अपमान करून, रजा नाकारून इतके जेरीस आणतात की तो आजारी पडतो आणि मग राजीनामा लिहून देतो. साधने बदलली, रीत तीच आहे.

मुंबईत १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांच्या तासाला गर्दी करत, पण सहकारी प्राध्यापकांपैकी काहींना त्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावलेला खपत नव्हता. म्हणजे कामाच्या जागेवरचा मानसिक छळ बाबासाहेबांनी पुस्तकात वाचला नव्हता, अंगावर झेलला होता.

मजुरांच्या प्रश्नात उडी

१९२७ पासून ते मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते. १९२८ साली गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणात पगारी विश्रांती देणारे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. विरोधकांचे म्हणणे होते की जी बाई कामावर नाही तिला मालकाने पैसे का द्यावेत. बाबासाहेबांनी मांडले की आईला मिळालेली विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे, आणि जो मालक त्या बाईच्या श्रमातून नफा मिळवतो त्यालाही या भारातला वाटा उचलावा लागेल. पुढे आजारी कामगाराबद्दल जे कायदे झाले, त्यांचे बीज या विचारात दिसते. शरीराची अडचण ही कामगाराची एकट्याची अडचण नाही.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत मोठा संप झाला. संपाचा हक्क काढून घेणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे, आणि असे राबवणे म्हणजे गुलामगिरी, ही त्यांची भूमिका होती.

दिल्लीतली चार वर्षे

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. १९४६ च्या मध्यापर्यंत ते या पदावर होते. महायुद्धाचा काळ होता. कारखाने रात्रंदिवस चालत होते आणि कामगाराने मुकाट्याने राबावे अशी सरकारची व मालकांची अपेक्षा होती. या काळात त्यांनी जे केले त्यातल्या तीन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत.

पहिली गोष्ट कामाच्या तासांची. कारखाना कायद्यात १९४६ साली दुरुस्ती होऊन आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. त्याआधी १९४५ साली कारखान्यातल्या कामगाराला पगारी सुट्टीचा हक्क मिळाला होता. थकलेल्या शरीराला विश्रांती मिळणे ही मालकाची मेहेरबानी राहिली नाही.

दुसरी गोष्ट स्थायी आदेशांची. एप्रिल १९४६ मध्ये औद्योगिक रोजगार स्थायी आदेश कायदा झाला. तोपर्यंत रजा कशी मिळते, गैरवर्तन कशाला म्हणायचे, नोटीस किती दिवसांची, कामावरून काढण्याची पद्धत काय, हे सारे मुकादमाच्या तोंडी असे. सकाळी एक नियम, संध्याकाळी दुसरा. या कायद्याने शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना हे नियम लेखी करून मंजूर करून घेणे बंधनकारक केले. जन्मभर तोंडी रूढींचे चटके सोसलेल्या माणसाला लेखी नियमाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. मनुस्मृती जाळणाऱ्याने कामगाराच्या हातात नियमपुस्तक दिले, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

तिसरी गोष्ट आजारपणाच्या विम्याची. १९४३ साली प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले. त्यांचा अहवाल ऑगस्ट १९४४ मध्ये आला. या अहवालाच्या पायावर कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. तो १९४८ साली मंजूर झाला तेव्हा मजूर खाते जगजीवनराम यांच्याकडे होते, पण त्याची पायाभरणी बाबासाहेबांच्या काळातली आहे. आपण ज्याला ईएसआय म्हणतो तो हाच कायदा.

या कायद्याचे कलम ७३ प्रत्येक कार्यकर्त्याने माहीत करून घ्यावे असे होते. आजारपणाचा लाभ घेत असलेल्या, प्रसूतीचा लाभ घेत असलेल्या किंवा कामावरील इजेमुळे तात्पुरते अपंगत्व येऊन लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात मालकाने काढू नये, त्याचा हुद्दा उतरवू नये, त्याला शिक्षा करू नये, असे त्यात म्हटले होते. त्या काळात दिलेली बडतर्फीची नोटीस वैध धरली जात नसे. १९४८ साली, देश नुकताच स्वतंत्र झालेला असताना, कायद्याने मान्य केले की आजारी असणे हा गुन्हा नाही.

१९४७ साली बाबासाहेबांनी घटना समितीसाठी एक निवेदन तयार केले, ते राज्ये आणि अल्पसंख्याक या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी एक प्रश्न उभा केला. ज्याच्या घरात खायला नाही अशा माणसासमोर नोकरी ठेवली आणि अट घातली की संघटनेत जायचे नाही, तास विचारायचे नाहीत, तर तो काय निवडेल? पोटासाठी तो आपले हक्क सोडून देईल. म्हणून नुसते हक्क लिहून भागत नाही, पोटाची भीतीही दूर करावी लागते. पुढे राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व यांत सरकारी साहाय्याचा, तर कलम ४२ मध्ये कामाच्या न्याय्य व माणुसकीच्या परिस्थितीचा उल्लेख आला. ही मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांच्या जोरावर थेट कोर्टात जाता येत नाही. पण कायद्याचा अर्थ लावताना न्यायालये त्यांचा आधार घेतात.

आजारी शरीर, अखंड काम

हे सारे चालू असताना बाबासाहेबांचे स्वतःचे शरीर थकत चालले होते. मधुमेह जडला होता. पायांच्या वेदनांमुळे रात्री झोप लागत नसे. अशा अवस्थेत त्यांनी घटनेचा मसुदा हातावेगळा केला. मसुदा समितीतले कोणी राजीनामा देऊन गेले, कोणी वारले, कोणी परदेशी, कोणी आजारी, आणि अखेर सगळा भार एकट्या आंबेडकरांवर पडला, हे टी. टी. कृष्णमाचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीतच सांगितले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला. माईसाहेब डॉक्टर होत्या, त्यांच्या पथ्यपाण्याची काळजी त्यांनी घेतली.

इथे आपला मावळ या चरित्रात येतो. तळेगाव दाभाडे येथे बाबासाहेबांचे घर होते. दिल्ली-मुंबईच्या धावपळीतून वेळ काढून ते तिथे येत. मावळच्या हवेने त्यांच्या थकल्या शरीराला विसावा दिला, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्यातून एक गोष्ट शिकायची राहून जाते. बाबासाहेबांनी विश्रांतीला कमीपणा मानले नाही. आपल्यातला एखादा तरुण ताणामुळे रजेवर गेला की घरातलेच म्हणतात, एवढ्याशाने काय होते, बाबासाहेब अठरा अठरा तास काम करायचे. हे अर्धवट सत्य आहे. बाबासाहेबांनी अभ्यास अठरा तास केला, पण कामगाराकडून आठवड्याला ४८ तासांवर काम घेऊ नये असा कायदाही त्यांनीच आणला.

राजीनामा, पण खऱ्या कारणासाठी

ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. प्रकृती चिंताजनक आहे, डॉक्टरांच्या हवाली होण्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लावायचे आहे, असा त्याचा आशय होता. बिल रखडत राहिले आणि सप्टेंबरच्या अखेरीस त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला.

इथे थांबून पाहण्यासारखी गोष्ट आहे. राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी मुद्दाम स्पष्ट केले की आपण आजारपणामुळे जात नाही, आजारपणासाठी कर्तव्य सोडणाऱ्यांपैकी आपण नाही. मग त्यांनी खरी कारणे एकामागून एक मांडली. हिंदू कोड बिल, अनुसूचित जातींकडे झालेले दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, मंत्रिमंडळात मिळालेली वागणूक. प्रकृतीचे कारण पुढे करून गेले असते तर सगळ्यांची सोय झाली असती. ती सोय त्यांनी कोणाला करून दिली नाही.

आजच्या तरुणाने हे लक्षात ठेवावे. ताणाने आजारी पडलेल्याला ऑफिसात बोलावतात, गोड बोलतात आणि तब्येतीच्या कारणास्तव राजीनामा देत आहे असे लिहून सही करायला सांगतात. अनुभवाचा दाखला चांगला मिळेल असे आमिषही असते. त्या एका सहीने तुम्ही काढलेले कामगार उरत नाही, स्वखुशीने गेलेले ठरता. बडोद्यातला तरुण भीमराव एकटा होता, त्याला निघून यावे लागले. चौतीस वर्षांनंतरच्या बाबासाहेबांनी जाण्याचे खरे कारण नोंदवूनच खुर्ची सोडली.

मालक आणि सेवक यांचा विनय

डिसेंबर १९५४ मध्ये ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. परतल्यावर त्याच महिन्यात देहूरोडला आले आणि रंगूनहून आणलेली मूर्ती इथल्या विहारात बसवली. याच वर्षांत, चालायला आधार लागत असताना, त्यांचे बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाचे लेखन चालू होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा झाली, ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात मालक आणि सेवक यांच्या विनयावर एक वेगळे प्रकरण आहे. त्याचा आधार सिगाल सुत्त. मालकाने सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची शुश्रूषा करावी, आपल्याकडचे गोडधोड त्याच्याशी वाटून खावे आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. कलम ७३ च्या कितीतरी आधी तथागतांनी आजारपणाचे कर्तव्य मालकाकडे सोपवले होते.

विनयपिटकातली एक कथा आपण लहानपणापासून ऐकतो. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. कारण विचारल्यावर इतर भिक्खूंनी सांगितले की तो आमच्या काही उपयोगाचा नाही. भगवंतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः त्याला धुतले, उचलून निजवले आणि आजाऱ्याची सेवा करणे हा संघाचा नियम करून दिला. उपयोगाचा नाही म्हणून टाकून देणे, हाच तर्क आजच्या बडतर्फीच्या पत्रात सभ्य भाषेत लिहिलेला असतो.

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामी नावाच्या एका सुताराचे नाव कोरलेले आहे. दाराचे काम त्याचे. जवळपास दोन हजार वर्षे झाली, राजे गेले, कारागिराचे नाव राहिले. ज्या परंपरेने सुताराचे नाव दगडात जपले, तिच्या वारसांनी आपल्या कामगाराचे नाव हजेरीपटावरून गुपचूप पुसू द्यायचे का?

आज आपल्या हाती काय आहे

स्थिती सोपी नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. बाबासाहेब सरकारमधून बाहेर पडल्यानंतर, १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात कामगारकपातीची व्याख्या आली आणि दीर्घ आजारपणामुळे काढलेला कामगार त्या व्याख्येबाहेर ठेवला गेला. नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत मानसिक ताण कधी आलाच नाही. कामाच्या ताणाने आलेला हृदयविकाराचा झटका मात्र न्यायालयांनी काही प्रकरणांत कामावरील इजा मानला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुने कायदे त्यांत विलीन झाले. स्थायी आदेशांची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. मावळातल्या कितीतरी छोट्या कंपन्या आणि लोणावळ्याची बहुतेक हॉटेले त्यामुळे त्या तरतुदीच्या बाहेर राहतात. बाबासाहेबांनी लेखी करून दिलेला नियम पुन्हा तोंडी होऊ लागला आहे.

दुसऱ्या बाजूला, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. सरकारी आस्थापनेत नोकरी करताना अपंगत्व आले तर त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. आपल्या भागातल्या डेपोंमधल्या नागरी कर्मचाऱ्यांनी हे वाचून ठेवावे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आजार असलेल्या कर्मचाऱ्यावरची शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरवला.

शाखेकडे प्रश्न घेऊन येणाऱ्यांना आम्ही म्हणूनच काही गोष्टी आवर्जून सांगतो. पगारातून ईएसआयची ०.७५ टक्के कपात होत असेल तर ते उपकार नाहीत, तो तुमचा विमा आहे. चिंचवडच्या मोहननगरमधल्या कामगार विमा रुग्णालयात जा आणि आजाराचा दाखला रीतसर घ्या. आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के मिळतो. रजेचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या, व्हॉट्सॲपवरचे आणि मेलवरचे निरोप जपून ठेवा. दबावाखाली राजीनामा लिहू नका. पत्र आले तर त्याच आठवड्यात युनियनकडे किंवा पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात जा, कारण मुदती थोड्या असतात. वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसू नका. अनुसूचित जाती-जमातींना, स्त्रियांना, दिव्यांगांना आणि औद्योगिक कामगारांनाही १९८७ च्या कायद्याने मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. वडगाव मावळच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे.

आणि जे आजारी नाहीत त्यांच्यासाठीही काम आहे. ताणाने खचलेल्या सहकाऱ्याला एकट्याने एचआरच्या खोलीत जाऊ देऊ नका. त्याच्या घरी जा, त्याच्या आईवडिलांना समजावा की पोरगा आळशी नाही, आजारी आहे. बडोद्यात काठ्या घेऊन आलेल्या जमावासमोर एकही माणूस भीमरावांच्या बाजूला उभा राहिला नव्हता. आपल्या शाखा, आपली मंडळे, आपले विहार असताना मावळात कोणावर ती वेळ येता कामा नये.

जयभीम! नमो बुद्धाय!